१९११ ची आयएफए शील्ड : अंतिम सामना आणि त्याचा अर्थ

प्रस्तावना

बाद पद्धतीच्या स्पर्धेत हरलेला संघ बाहेर पडतो आणि जिंकलेला पुढच्या फेरीत जातो. त्यामुळे एरवी एकमेकांसमोर न येणारे संघही अशा स्पर्धेत समोरासमोर येतात. जर्मनीत अशी राष्ट्रीय चषक स्पर्धा १९३५ मध्ये सुरू झाली. भारतात मात्र ड्युरँड (१८८८), रोव्हर्स (१८९१) आणि आयएफए शील्ड (१८९३) या स्पर्धा त्याआधीच रुजल्या होत्या. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागान या भारतीय संघाने प्रथमच शील्ड जिंकली. या विजयाने नेमके काय बदलले, हे या पाठात पाहू.

पार्श्वभूमी : उत्तर कोलकात्यातील क्लब

१५ ऑगस्ट १८८९ रोजी बागबाजार-श्यामबाजार परिसरातील सुशिक्षित मध्यमवर्गीयांनी मोहन बागान क्लब स्थापन केला. परिसरातील ‘मोहन बागान व्हिला’वरून त्याला हे नाव मिळाले. पहिले अध्यक्ष भूपेंद्रनाथ बसू हे वकील होते. पुढे १९१४ मध्ये ते काँग्रेसचेही अध्यक्ष झाले. ‘अमृत बाजार पत्रिका’ हे राष्ट्रवादी वृत्तपत्रही बागबाजारातूनच निघत असे. खेळ, वृत्तपत्र आणि राजकारण ही एकाच वस्तीतील माणसांची कामे होती, हे लक्षात घ्यावे.

‘बंगाली माणूस दुबळा’ हा वसाहतवादी समज या वर्गाला बोचत होता. १८९२ मध्ये शोभाबाजार क्लबने ट्रेड्स कपमध्ये ईस्ट सरे रेजिमेंटला हरवले. मोहन बागानने १९०६ ते १९०८ सलग तीनदा ट्रेड्स कप जिंकला. म्हणजे १९११ चे यश अचानक मिळालेले नव्हते.

अंतिम सामना

सेंट झेवियर्स, रेंजर्स आणि रायफल ब्रिगेड यांना हरवून मोहन बागानने उपांत्य फेरी गाठली. मिडलसेक्स रेजिमेंटशी बरोबरी झाल्याने तो सामना पुन्हा खेळवला गेला. त्यात मोहन बागान ३-० ने जिंकला. अंतिम फेरीत ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट समोर होती. मोहन बागानचे सुधीर चटर्जी सोडून बाकी दहा खेळाडू अनवाणी होते. आसपासच्या जिल्ह्यांतून हजारो लोक मैदानावर लोटले. ज्यांना खेळ दिसत नव्हता, त्यांच्यासाठी पतंगांवर गुण लिहून ते आकाशात चढवले गेले. जॅक्सन यांनी ईस्ट यॉर्कशायरला आघाडी मिळवून दिली. कर्णधार शिबदास भादुरी यांनी बरोबरी साधली आणि अभिलाष घोष यांच्या गोलने सामना २-१ असा संपला.

अर्थनिर्णय

१२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात वंगभंग रद्द झाला आणि राजधानी दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली. या घटनांचा संबंध अनेकदा शील्डच्या विजयाशी जोडला जातो. पण एक घटना दुसरीनंतर घडली, एवढ्यावरून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही. वंगभंगविरोधी चळवळ १९०५ पासून चालू होती.

विजयाची मर्यादा मैदानातच दिसते. कलकत्ता फुटबॉल लीगच्या पहिल्या विभागात शील्डविजेत्या मोहन बागानला १९१५ मध्ये प्रवेश मिळाला आणि तेथे भारतीय क्लबांची संख्या दीर्घकाळ दोनपुरतीच ठेवली गेली. बाद स्पर्धेत राज्यकर्त्यांना भारतीय संघाशी खेळावे लागत होते. लीगमध्ये मात्र कोणाला घ्यायचे हे तेच ठरवत. मुंबईचा रोव्हर्स कपही भारतीय संघाला (बंगलोर मुस्लिम्स) १९३७ मध्येच प्रथम जिंकता आला. मोहन बागानची पुढची शील्ड थेट १९४७ ची.

समारोप

१९११ च्या विजयाने सत्ता हलली नाही, खेळाची रचनाही लगेच बदलली नाही. राज्यकर्त्यांच्याच नियमांनुसार त्यांना हरवता येते, हे मात्र हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिले. या विजयाचे ऐतिहासिक मोल त्या अनुभवात आहे.

विचारार्थ प्रश्न

१. बाद पद्धत आणि लीग यांतील फरक वसाहतकालीन सत्तासंबंध समजण्यास कसा उपयोगी पडतो?
२. शील्डचा विजय आणि वंगभंग रद्द होणे यांत कार्यकारणसंबंध दाखवायचा असेल, तर कोणत्या प्रकारचे पुरावे लागतील?