लाल ठिपके आणि आजीचं अंगण

मार्च संपता संपता आमच्या ओहायोत जरा बरं ऊन पडायला लागतं. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नव्या घरातला आमचा पहिलाच वसंत, आई रत्नागिरीहून आलेली आणि लेक नुकतीच रांगायला लागलेली. एका सकाळी आई दक्षिणेकडची खिडकी पुसत होती, ती एकदम ओरडली, "अगं, ढेकूण!" फडक्यावर लाल लाल रेघा उमटल्या होत्या.

मंडळी, नुकतंच कर्ज काढून घेतलेल्या घरात हा शब्द ऐकला की काय होतं ते विचारू नका.

नीट पाहिलं तर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके चौकटीवरून धावत होते. फोटो काढून सांगलीच्या मामाला पाठवला. तो वांगी-भेंडी पिकवतो. "हा तर लाल कोळ्याच्या भावकीतला दिसतोय," तो म्हणाला. मामा बरोबर होता. इथे याला क्लोव्हर माइट म्हणतात. आठ पाय, आकार मिलिमीटरहूनही लहान. हा चावत नाही, रोग आणत नाही, धान्याला शिवत नाही. फडक्यावरचा लाल रंग रक्ताचा नव्हता, त्याच्या अंगचाच होता. म्हणून याला चिरडायचं नाही, व्हॅक्यूमने ओढून घ्यायचं.

पण आईचा उपाय तयार होता, "डीडीटी मारा!" तिचा विश्वास उगाच नव्हता. १९५३ साली आपल्याकडे राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगावी फवारणी होऊ लागली. फवारणीवाले यायचे, भिंतींवर मारून दारावर तारीख लिहून जायचे, हे तिने लहानपणी पाहिलेलं. हिवतापाने फणफणलेली माणसंही पाहिलेली. इथला फवारणीवालाही घराच्या आतबाहेर औषध मारायला तयारच होता. फक्त म्हणाला, "दोन दिवस बाळाला खाली सोडू नका." जमिनीवर सापडेल ते तोंडात घालणारी आमची लेक! मी त्याला थांबवलं आणि वाचायला बसले.

हा प्राणी काही नवा नाही. जर्मन अभ्यासक कार्ल लुडविग कोख यांनी १८३६ सालीच त्याचं वर्णन करून ठेवलंय. मग तो असा घरात का शिरतो? उत्तर अमेरिकन हिरवळीच्या इतिहासात सापडलं.

पूर्वी इथे हिरवळीच्या बियाण्यात पांढरा क्लोव्हर मुद्दाम मिसळत. आपल्या कडधान्यांसारखाच तोही मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र जमिनीत आणतो. दुसरं महायुद्ध संपता संपता २,४-डी हे तणनाशक बाजारात आलं. ते गवत राखतं आणि रुंद पानांच्या वनस्पती मारतं. त्यात क्लोव्हरही मेला, आणि कालचं बियाणं आज तण ठरलं! त्याने फुकट दिलेला नत्र मग पोत्यांतून विकत आणावा लागला. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन उभं राहिलं. एकसारखी हजारो घरं, आणि हिरवळ दर आठवड्याला कापायची अशी घरमालकांना अटच. अशा वसाहतींत गवत थेट भिंतीला भिडलं.

आणि गंमत म्हणजे हा माइट गवतही तितक्याच आवडीने खातो. खत भरपूर मिळालेलं लुसलुशीत गवत तर जास्तच. ज्याच्यावरून नाव पडलं तो क्लोव्हर गेला, माइट राहिला.

राहता राहिलं आईचं डीडीटी. त्याचे कीटकनाशक गुण १९३९ साली ओळखणाऱ्या पॉल म्युलर यांना १९४८ साली नोबेल मिळालं. पण माइट हा कीटक नाहीच, तो कोळ्यांच्या गोतावळ्यातला. रेचेल कार्सन यांनी १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग'मध्ये एक प्रसंग दिलाय. १९५६ साली अमेरिकी वनखात्याने पश्चिमेकडच्या सुमारे ८,८५,००० एकर जंगलावर अळ्यांसाठी डीडीटी फवारलं. पुढच्या उन्हाळ्यात झाडं पुन्हा करपलेली दिसली, आणि या वेळी कारण होतं कोळी माइट! त्यांना खाणारे कीटक मेले होते, हे मात्र जगले. १९७२ साली अमेरिकेने डीडीटीचा बहुतेक वापर बंद केला.

मग आम्ही काय केलं? इथल्या विद्यापीठांचे कृषी विस्तारवाले सांगतात तेच. भिंतीलगतचं दीड-दोन फूट गवत काढून जमीन उघडी केली. चौकटींच्या फटी बुजवल्या. खत कमी केलं. त्या पट्ट्यात झेंडू लावला, कारण तो या माइटना फारसा आवडत नाही.

आई पायरीवर बसून बघत होती. म्हणाली, "म्हणजे आजीचं अंगणच की गं हे!" खरंच. आमच्या कोकणातल्या घरी पावसाळा सरला की भिंतीलगत गवताची काडी उरत नसे. चोपलेलं, सारवलेलं अंगण, कडेला झेंडू. आजीला माइट ठाऊक नव्हते, ती साप-विंचवांच्या भीतीने करायची.

पुढच्या वसंतात खिडकीत थोडेच ठिपके दिसले. यंदा हिरवळीत पांढरी क्लोव्हरची फुलं आलीत. ती काढायची का, असं नवऱ्याने विचारलं. मी म्हटलं, "राहू देत, लेक त्यात चार पानांचा शोधतेय."

असो. तुमच्याकडे असे लाल ठिपके दिसले तर चिरडू नका, पडद्यांवरचे डाग जात नाहीत!