कादंबरीतील बालमैत्री आणि इतिहासाचे साधन : ‘शाळा’ व ‘द काइट रनर’ यांचा बीड जिल्ह्याच्या संदर्भात विचार

प्रस्तावना :

साहित्य हा समाजाचा आरसा आहे, असे आपण नेहमी म्हणतो. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र एवढ्यावर थांबता येत नाही. हा आरसा कोणाच्या हाती होता आणि त्याच्या चौकटीबाहेर कोण राहिले, हे प्रश्न त्याला विचारावेच लागतात. प्रस्तुत शोधनिबंधात हेच प्रश्न दोन कादंबऱ्यांना विचारले आहेत. खालेद हुसैनी यांची ‘द काइट रनर’ ही इंग्रजी कादंबरी २००३ साली प्रसिद्ध झाली, तर मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी २००४ साली मौज प्रकाशनाने प्रकाशित केली. एकीचे जग काबूलचे, तर दुसरीचे मुंबईच्या आसपासच्या एका वाढत्या गावाचे. दोन्ही लेखकांचा परस्परांशी संबंध नाही. तरीही एक योगायोग लक्ष वेधून घेतो. ‘द काइट रनर’मधील सर्वांत निर्णायक प्रसंग १९७५ च्या हिवाळ्यात घडतो आणि ‘शाळा’चे शालेय वर्षही १९७५ मध्ये घोषित झालेल्या आणीबाणीच्या काळातील आहे. दोन्ही ठिकाणी देशाचा इतिहास बालमित्रांच्या नजरेतून उलगडतो.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) बालमैत्रीच्या चित्रणातून राजकीय इतिहास कसा व्यक्त होतो, हे पाहणे.
२) या चित्रणात कोणाचा आवाज ऐकू येतो व कोणाचा येत नाही, याचा शोध घेणे.
३) त्याच काळातील बीड जिल्ह्याच्या स्थानिक इतिहासासाठी या कादंबऱ्यांपासून कोणती दिशा मिळते, हे स्पष्ट करणे.

अभ्यास पद्धती :

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. कादंबरी ही घटनांचा पुरावा म्हणून नव्हे, तर त्या काळातील अनुभवाचे साधन म्हणून वाचली आहे.

१. काबूल : शाळेत जाणारा आणि न जाणारा मित्र

जुलै १९७३ मध्ये दाऊद खान यांनी राजे झहीर शाह यांना पदच्युत करून अफगाणिस्तानातील राजेशाही संपवली. एप्रिल १९७८ मध्ये साम्यवादी क्रांती झाली, डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत सैन्य देशात शिरले आणि पुढे यादवी युद्धानंतर १९९६ मध्ये काबूल तालिबानच्या ताब्यात गेले. हा सारा कालपट ‘द काइट रनर’च्या पार्श्वभूमीला आहे. कथेच्या केंद्रस्थानी मात्र आमीर आणि हसन ही दोन मुले आहेत. आमीर सधन पश्तून कुटुंबातील, तर हसन त्याच घरातील हजारा जमातीच्या नोकराचा मुलगा. दोघे एकाच अंगणात वाढतात आणि एकत्र पतंग उडवतात. परंतु सकाळी आमीर शाळेत जातो, तेव्हा हसन घरकामाला लागतो. त्याला लिहिता-वाचता येत नाही. टेकडीवरील डाळिंबाच्या झाडाखाली आमीर त्याला ‘शाहनामा’तील रुस्तुम-सोहराबची कथा वाचून दाखवतो. पतंग स्पर्धेच्या दिवशी हसनवर अत्याचार होतो आणि आमीर ते पाहूनही गप्प राहतो.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की ही मैत्री राज्यक्रांतीने किंवा परकीय आक्रमणाने मोडलेली नाही. रणगाडे येण्यापूर्वीच ती मोडली होती. तिला तडा देणारी विषमता घरातच होती, राजकीय उलथापालथीने ती पुढे अधिक क्रूर केली एवढेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमीर अब्दुर रहमान यांच्या राजवटीत हजारा जमातीचे झालेले दमन हा इतिहासाचा भाग आहे. हजारांवरील अत्याचारांची हकिकत आमीरला शालेय पाठ्यपुस्तकात नव्हे, तर दिवंगत आईच्या एका जुन्या पुस्तकात सापडते, हा कादंबरीतील तपशील इतिहासाच्या शिक्षकाने मुद्दाम टिपून ठेवावा असा आहे. पुढे हसन प्रौढपणी लिहायला-वाचायला शिकतो. त्याने लिहिलेले पत्र आमीरच्या हाती पडते, तेव्हा वाचकाला त्याचा आवाज प्रथमच आमीरच्या निवेदनाशिवाय ऐकू येतो. अक्षर आले तेव्हा साक्ष आली.

२. ‘शाळा’ : आणीबाणीतील नववीचा वर्ग

१२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांची निवडणूक रद्द ठरवली. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर स्वाक्षरी केली. ‘मिसा’ कायद्याखाली विरोधी पक्षांचे नेते व कार्यकर्ते स्थानबद्ध झाले आणि वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लादली गेली. महाराष्ट्रात डिसेंबर १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी व्यासपीठावरून या दडपशाहीचा निषेध केला व पुढे त्यांनाही कारावास घडला. २१ मार्च १९७७ रोजी आणीबाणी उठली.

‘शाळा’मध्ये हा इतिहास अग्रभागी नाही. नववीतला मुकुंद जोशी आणि त्याचे मित्र सुऱ्या, चित्रे व फावड्या यांचे जग म्हणजे वर्ग, मास्तर, मुली, परीक्षा आणि बांधकाम अर्धवट राहिलेली एक इमारत. तेथे ते मोठ्यांच्या नजरेआड बसतात. आणीबाणी त्यांच्यापर्यंत येते ती मोठ्यांच्या बोलण्यातून. काही वाचकांना हे राजकीय भान अपुरे वाटेल. प्रस्तुत लेखकाच्या मते, हीच या कादंबरीची ऐतिहासिक सत्यता होय. बहुसंख्य सामान्य कुटुंबांनी आणीबाणी अशीच अनुभवली : दबलेल्या आवाजातील चर्चा आणि ‘शिस्त’ या शब्दाचा वाढलेला वचक. त्या काळाला ‘अनुशासन पर्व’ हे नाव मिळाले होते. शाळेतील छडी आणि राज्यसंस्थेची शिस्त यांचे नाते कादंबरीकार उघड करून सांगत नाही. ते वाचकाला आपोआप जाणवते.

आणखी एक संदर्भ महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधानुसार दहावीची पहिली शालान्त परीक्षा मार्च १९७५ मध्ये झाली. त्यामुळे नववी हे बोर्डाच्या उंबरठ्यावरील वर्ष झाले. या वर्षाच्या अखेरीस मुकुंदच्या भोवतालचे जग विस्कटते आणि मित्रांच्या वाटा वेगळ्या होऊ लागतात. चौघांची घरची परिस्थिती सारखी नाही. वर्गात एका बाकावर बसलेल्या मुलांना समाज पुढे कोठे नेऊन ठेवणार, याची चाहूल तेथेच लागते. मात्र हे चौघेही निदान वर्षभर त्या वर्गात आहेत.

३. त्याच वर्षांतील मराठवाडा

मराठवाड्यात हा काळ वेगळ्या क्रमाने आला. १९७२ च्या भीषण दुष्काळाच्या खुणा ताज्या होत्या. १९७४ मध्ये विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने मराठवाडा विकास आंदोलन उभे राहिले. फेब्रुवारी १९७५ मध्ये मराठवाड्याचेच सुपुत्र शंकरराव चव्हाण राज्याचे मुख्यमंत्री झाले व आणीबाणीच्या संपूर्ण काळात तेच त्या पदावर होते. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पैठण येथील जायकवाडी धरणाचे उद्घाटन श्रीमती गांधी यांच्या हस्ते झाले. म्हणजे मराठवाड्याच्या स्मृतीत आणीबाणी तुरुंगाबरोबर पाणीही घेऊन येते. ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक अनंत भालेराव यांना याच काळात कारावास भोगावा लागला, हेही तितकेच खरे.

बीड जिल्ह्याला मैत्रीचे एक सर्वपरिचित उदाहरणही या काळाने दिले. अंबाजोगाईच्या महाविद्यालयीन जीवनात मैत्र जुळलेले प्रमोद महाजन व गोपीनाथ मुंडे या दोघांनीही आणीबाणीत कारावास सोसला आणि पुढे दोघे देशाच्या राजकारणात गेले. मार्च १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत बीडमधून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे, औरंगाबादेतून जनता पक्षाचे बापूसाहेब काळदाते, तर नांदेड व लातूरमधून शेतकरी कामगार पक्षाचे अनुक्रमे केशवराव धोंडगे व उद्धवराव पाटील निवडून आले. मतदारांचा कौल स्पष्ट होता.

परंतु हा शिकलेल्यांचा, पक्षांचा व मतपेटीचा इतिहास झाला. त्याची नोंद झाली, कारण तो लिहिणारे होते.

४. दिवाळीनंतर रिकामा होणारा बाक

जायकवाडीच्या उजव्या कालव्याचे पाणी गेवराई-माजलगावच्या सखल भागाकडे गेले. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील कोरडवाहू गावे त्यापासून दूर राहिली. पाटोदा, आष्टी, केज, धारूर या भागांतील कुटुंबे दुष्काळानंतर मोठ्या संख्येने ऊसतोडीकडे वळली. मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांकडे निघायचे आणि उन्हाळ्यात परतायचे, असा क्रम रूढ झाला. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. सोबत लहान भावंडे सांभाळायला, जनावरे राखायला शाळकरी मूलही जाई.

शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि वार्षिक परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर होते. जूनमध्ये एका बाकावर बसलेल्या दोन मित्रांपैकी एक दिवाळीच्या सुट्टीनंतर परत येत नसे. ‘शाळा’तील मित्रांची ताटातूट वर्षाच्या शेवटी होते, येथे ती सहामाहीलाच होई. पतंगाच्या मागे धावणारा हसन घरकामामुळे शाळेबाहेर राहिला, आमचा हसन फडात गेला. आणीबाणी २१ महिन्यांनी उठली; या मुलांच्या शिक्षणावरील बंदी कोणत्याही अधिसूचनेने आली नव्हती, म्हणून ती अधिसूचनेने उठलीही नाही. पुढे १९९० च्या दशकात साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहांची सोय झाली आणि शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. तरीही ऊसतोडीसाठीचे स्थलांतर थांबलेले नाही.

येथे दोन्ही कादंबऱ्यांतील एक साम्य समोर येते. आमीर आणि मुकुंद हे दोन्ही निवेदक शाळा शिकलेले आहेत. मैत्रीची गोष्ट सांगतो तो मागे राहिलेला नव्हे, तर पुढे गेलेला मित्र. हा लेखकांचा दोष नव्हे. हुसैनी यांनी तर आमीरच्या अपराधभावनेलाच कादंबरीचा गाभा केले आहे. तथापि इतिहासकाराने ही मर्यादा ओळखली पाहिजे, कारण आपली साधनेही बहुतांशी आमीर-मुकुंदांनीच लिहिलेली आहेत.

५. स्थानिक इतिहासासाठी दिशा

या मर्यादेवर उपाय आपल्या हाताशी आहे. प्रत्येक जुन्या शाळेत जनरल रजिस्टर असते. त्यात विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख आणि शाळा सोडल्याची तारीख व कारण यांची नोंद असते. १९७२ ते १९७८ या काळातील ही रजिस्टरे व उपलब्ध असतील तेथे हजेरीपट एकत्र वाचले, तर दिवाळीनंतर कोणत्या गावांतील बाक रिकामे झाले, हे सांगता येईल. त्यानंतर त्या वर्गातील दोन्ही मित्रांना भेटावे : जो शिकला त्याला आणि जो टोळीबरोबर गेला त्यालाही. १९७५ साली नववीच्या वयाची असलेली ही पिढी आता साठी ओलांडून गेली आहे. फडात आयुष्य झिजवलेल्या शरीराला शिक्षकी निवृत्तिवेतनाचे वार्धक्य लाभत नाही. म्हणून क्रम ठरवायचा झाल्यास आधी दुसऱ्याकडे जावे.

निष्कर्ष :

१) बालमैत्रीचे चित्रण हे राजकीय इतिहास दैनंदिन जीवनात कसा झिरपतो, हे दाखवणारे महत्त्वाचे साधन आहे.
२) राजकीय उलथापालथ मैत्री मोडते, त्यापेक्षा अधिक वेळा ती आधीपासून असलेली विषमता उघडी पाडते.
३) दोन्ही कादंबऱ्यांतील निवेदन शिकलेल्या मित्राचे आहे, शाळेबाहेर राहिलेल्या मित्राची साक्ष स्वतंत्रपणे मिळवावी लागते.
४) बीड जिल्ह्याच्या १९७० च्या दशकाचा इतिहास आणीबाणी, आंदोलने व निवडणुका यांबरोबरच दुष्काळ व हंगामी स्थलांतर यांच्याशिवाय पूर्ण होणार नाही.

समारोप :

हसनने अक्षर शिकून पत्र लिहिले, म्हणून त्याचे म्हणणे आमीरपर्यंत पोचले. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील त्याच्या समवयस्कांपैकी अनेकांना ते पत्र लिहिता आले नाही. त्यांच्या तोंडून ऐकून ते लिहून घेणे, हे या जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांचे कर्तव्य ठरते. त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. आपल्या वर्गात बसणारे अनेक विद्यार्थी त्याच घरांतून आलेले आहेत आणि ते साक्षीदार त्यांचेच आजोबा-आजी आहेत.