मुंबईचे फोटो काढले, घराचा राहून गेला



स्मरणिकेच्या मुखपृष्ठासाठी शाळेच्या जुन्या इमारतीचा एक चांगला फोटो हवा, असे समितीत ठरले आणि सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. "त्याच्याकडे असणारच, आयुष्यभर इमारतींचेच फोटो काढतोय." मी दोन रविवार घरातले डबे उपसले. बोरीबंदर, फोर्ट, गिरगाव, लालबाग, सगळे निघाले. शाळेचा एकही फोटो निघाला नाही. रोह्याच्या आमच्या कौलारू घराचाही नाही. ते 2009 साली उतरवले. माझे आजोळ पेणचे, तिथे मामांचा गणपतीचा कारखाना होता. त्याचाही नाही.

शेवटी 1984च्या दहावीच्या ग्रुप फोटोत आपल्या डोक्यांमागे इमारतीचा जेवढा तुकडा दिसतो, तेवढा मोठा करून मुखपृष्ठावर घेतला आहे. ही गोष्ट मला फार लागली. म्हणून नुसत्या आठवणी न लिहिता थोडा इतिहास लिहितो: मुंबईचे फोटो कोणी, केव्हा आणि कशासाठी काढले याचा. त्यातून आपल्यालाही एक काम सापडेल, असे मला वाटते.

इमारतीकडे पाहायला मला शिकवले ते आपल्या चित्रकलेच्या सरांनी. एलिमेंटरी परीक्षेच्या तयारीसाठी ते आपल्याला मैदानात बसवून शाळा काढायला लावत. मी सहा खिडक्या काढल्या होत्या. "आहेत किती?" सरांनी विचारले. मी वर पाहिले, तर सात. "कागदाकडे कमी बघ, इमारतीकडे जास्त बघ," एवढेच ते म्हणाले. 1986 साली नोकरीसाठी मुंबईला गेलो, लालबागला काकांकडे चाळीत राहिलो आणि दुसऱ्या वर्षी जुना अग्फा क्लिक थ्री कॅमेरा घेतला. एका रोलमध्ये फोटो बारा. रोल घ्यायचा, धुवायचा, प्रिंट काढायच्या, सगळा हिशेब पगारात बसवायचा. त्यामुळे बटण दाबण्याआधी खिडक्या मोजण्याची सवय पुन्हा लागली.

फोटोचा शोध पॅरिसमध्ये 1839 साली जाहीर झाला. त्याच्या आदल्या वर्षी दागेर या संशोधकाने खिडकीतून एका रहदारीच्या रस्त्याचा फोटो घेतला. कॅमेऱ्याची काच काही मिनिटे उघडी ठेवावी लागली, तेवढ्यात चालती माणसे आणि घोडागाड्या पुढे निघून गेल्या. फोटोत रस्ता ओसाड आहे. कोपऱ्यात फक्त एक माणूस दिसतो, कारण तो पॉलिश करून घ्यायला पाय पुढे करून थांबला होता. फोटोत उमटलेल्या पहिल्या माणसांत त्याची गणना होते. बोरीबंदरला पॉलिशवाल्यांचा ब्रशचा टकटकाट ऐकला की मला तोच आठवतो.

मुंबईत ही कला लवकर आली. 1854 साली बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. आपल्याला वाटते की त्या काळी कॅमेऱ्यामागे फक्त साहेब असेल. तसे नव्हते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आपण भायखळ्याच्या संग्रहालयामुळे ऐकलेले असते. त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर होते आणि त्या पहिल्या पिढीतले उत्तम फोटोग्राफर होते. पेडण्याजवळच्या मांद्र्याचे हे लाड कुटुंब, म्हणजे आपल्यासारखेच कोकणातून मुंबईला आलेले. 1855 साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे विद्यार्थी त्यातून तयार झाले. जॉन्सन आणि हेंडरसन या दोघांनी 1856 ते 1858 या काळात मुंबईतून एक मासिक अल्बम काढला. त्यात छापील चित्रे नव्हती, खऱ्या फोटोंच्या प्रिंट चिकटवलेल्या असत.

तेव्हाची पद्धत जिकिरीची होती. काचेवर रसायन पसरायचे, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि सुकण्याआधी धुवायचा. म्हणजे फोटोग्राफरबरोबर अंधाराचा तंबू, बाटल्या, पाणी आणि उचलायला माणसे हवीत. काही सेकंद सगळे स्थिर हवे. इमारत हलत नाही, म्हणून ती छान येई. हमाल, भिस्ती, पालखीवाले धुरकट होत किंवा नाहीसेच होत. त्या काळचे मुंबईचे रस्ते फोटोत शांत दिसतात, ते त्यामुळे.

मग 1862 पासून सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याची तटबंदी पाडायला सुरुवात झाली. चर्चगेट आणि बाजारगेट हे खरोखरचे दरवाजे होते. आता फक्त नावे उरली आहेत. जुने जाऊन नवे येत होते, आणि याच सुमारास, 1863 साली, गोविंद नारायण माडगांवकर यांचे 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झाले. बाजार, देवळे, रस्ते, माणसांचे पोशाख, धंदे असा रोजचा तपशील त्यांनी शब्दांत मांडून ठेवला. कॅमेऱ्यात जे धुरकट होत होते ते माडगांवकरांच्या पानांवर स्पष्ट दिसते, असे मी म्हणेन.

तट गेल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत आपली ओळखीची मुंबई उभी राहिली. राजाबाई टॉवर 1878 साली पूर्ण झाला. त्याच वर्षी फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या आराखड्याप्रमाणे बोरीबंदरच्या स्टेशनचे काम सुरू झाले आणि दहा वर्षांनी, 1888 साली, संपले. 2004 साली युनेस्कोने ते जागतिक वारसा यादीत घेतले. पोस्टकार्डवर त्याचा घुमट असतो. माझा मात्र निम्मा वेळ खालीच गेला. दरवाजावर एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला वाघ आहे: सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. खांबांच्या माथ्यावर पाने, पक्षी, प्राणी आहेत. हे नक्षीकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केले. त्यातल्या बहुतेकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, हातांचे काम मात्र समोर आहे.

एक सांगतो, तुम्हालाही मोबाइलवर उपयोगी पडेल. उंच इमारतीखाली उभे राहून कॅमेरा वर उचलला की इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते. त्यासाठी लांब जायचे किंवा समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर चढायचे. बोरीबंदरचा दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे, म्हणून दुपार कलल्यावर जायचे. तिरप्या उन्हात कोरीव काम उठून दिसते. पहारेकऱ्यांनी मला दोन-तीनदा हटकले. एकदा एका इमारतीत रोलच काढून घेतला. बारा फोटो गेले, त्यांत काय होते ते मात्र आजही क्रमाने सांगू शकेन.

मुंबईच्या फोटोंचा पुढचा मोठा साठा दुःखाच्या काळातला आहे. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात प्लेग सुरू झाला. लाखो लोक शहर सोडून गेले, त्यांत कोकणात परतलेलेही पुष्कळ होते. सरकारी कामाचे फोटो घेतले गेले: इस्पितळे, तपासणी, घरे धुणारी पथके. राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांच्या भिंतींवर यू. एच. एच. अशी तीन इंग्रजी अक्षरे रंगवत. 1898 साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, दाट वस्त्या पाडून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट असे रुंद रस्ते काढले गेले. प्लेगचे ते फोटो काढणाऱ्याला रोगाविरुद्धची मोहीम दाखवायची होती. आज आपण त्यात दुसरेच पाहतो: लाकडी सज्जे, दारातली तांब्याची भांडी, घाबरून कॅमेऱ्याकडे पाहणारी बाई. गरिबाच्या घराचा फोटो निघाला तो घर संशयास्पद ठरल्यावर. एरवी त्याच्या दारात कॅमेरा कोण नेणार?

रोजचे जगणे मुद्दाम टिपणारे पुढे आले. होमाई व्यारावाला या आपल्याकडच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, त्या जे. जे. मध्ये शिकल्या. 1930 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मैत्रिणींचे आणि शहरातल्या साध्या घडामोडींचे फोटो काढले. सुरुवातीला त्यांचे फोटो पतीच्या नावाने छापले जात. सूनी तारापोरवाला 1977 पासून मुंबई आणि आपला पारशी समाज टिपत आल्या आहेत. चिरोदीप चौधरी यांनी तर वर्षानुवर्षे शहरातली सार्वजनिक घड्याळे शोधून त्यांचे फोटो काढले: टॉवरवरची, बाजारावरची, बंद पडलेलीसुद्धा. एकच साधी वस्तू धरून सगळे शहर कसे पाहावे, हे मला त्यांच्या कामातून कळले.

माझी मुंबई लालबागची. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी संप सुरू झाला तेव्हा आपण आठवीत होतो. गावी परतलेले गिरणी कामगार आपल्यापैकी अनेकांच्या घरी होते. काहींचे तर वडीलच. मी पोहोचलो तेव्हा गिरण्या उभ्या होत्या, पण बऱ्याच थंड. मी चिमण्यांचे फोटो काढले, कारण त्या उंच आणि देखण्या. दारावरच्या पाट्या, हजेरीची खिडकी, समोरची खानावळ, डबे ठेवायची फळी, यांचे काढले नाहीत. पुढे गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल आले. फिनिक्स मिलची चिमणी मॉलमध्ये अजून उभी आहे, तिचे फोटो हजारो निघतात. खानावळीची फळी कुठेच नाही. काकांच्या चाळीच्या गॅलरीचा फोटोही मी खोली सोडायच्या आठवड्यात काढला, आणि तोवर शेजारची बिऱ्हाडे निघून गेली होती.

मोठ्या इमारतींची काळजी घ्यायला आता माणसे आहेत. मुंबईत 1995 साली वारसा इमारतींसाठी नियम आले. 2018 साली फोर्ट आणि मरीन ड्राइव्ह परिसरातल्या 94 इमारतींचा समूह युनेस्कोच्या यादीत गेला. त्यामागे अनेकांनी इमारत न् इमारत फिरून केलेल्या नोंदी आणि फोटो आहेत. इमारतीत काय आहे ते आधी दाखवता आले, म्हणून ते जपण्याची मागणी करता आली.

पेण-रोह्यासाठी हे कोण करणार? महामार्ग रुंद होताना कडेची घरे गेली, आळ्यांमध्ये जुन्या घरांच्या जागी बिल्डिंगा आल्या. घर पाडू नका, असे मी कोणाला म्हणणार नाही. आमचेही आम्हीच पाडले, आईला पावसाळ्यात गळक्या छपराखाली किती वर्षे ठेवायचे? पण उतरवण्याआधी एक दिवस कॅमेरा घेऊन फिरायला काय हरकत होती? मी त्या दिवशी मजुरांचा हिशेब करत होतो. आमच्या मंगलोरी कौलांच्या पाठीवर कारखान्याचे नाव उठवलेले होते. पडवीच्या खांबावर माझी आणि ताईची उंची कोयत्याने खुणावलेली होती. कौले एका ओळखीच्यांनी गोठ्यासाठी नेली. खांब कुठे गेला, कोणाला आठवत नाही. कुटुंबाचा जुना अल्बम वाळवीने आधीच खाल्ला होता.

पेणला मामांच्या कारखान्यात श्रावणात पाय ठेवायला जागा नसे. पाटावर ओळीने मूर्ती, शेवटी डोळे रंगवायला बसलेले मोठे मामा, आणि 'धक्का लावू नकोस रे' हा ओरडा. मी तिथल्या तयार मूर्तीचे फोटो काढले आहेत, मुंबईच्या मंडपात. मामांच्या हाताचा एकही काढला नाही.

म्हणून समितीच्या संमतीने एक विनंती करतो. मेळाव्याला येताना प्रत्येकाने घरातला एक जुना फोटो आणावा, ज्यात माणसांच्या मागे घर, दुकान, नदीचा घाट, धावीर महाराजांच्या पालखीची वाट, काहीही दिसते आहे. मी स्कॅनर घेऊन येतो, फोटो तिथेच परत मिळेल. मागे पेन्सिलने साल, ठिकाण आणि माणसांची नावे लिहा. शाईचा पेन नको, पुढे उमटतो. निगेटिव्ह असतील तर तेही आणा, आपल्या पावसाळ्यात त्यांना बुरशी लागण्याआधी. आणि ज्यांची जुनी घरे अजून उभी आहेत त्यांनी या दिवाळीत सावकाश फोटो काढावेत: बाहेरून चारी बाजू, मग ओटी, माजघर, माळा, कडी-कोयंडे, कोनाडे. कोणी बोलावले तर मीही येईन, चहा पुरे.

जाता जाता मुखपृष्ठाकडे पुन्हा एकदा पाहा. उजवीकडे व्हरांड्यात घंटेखाली एक धुरकट आकृती आहे. फोटोग्राफरने सावलीत तिकाटण्यावर कॅमेरा लावून आपल्याला "हलू नका" म्हटले होते, आणि नेमके तेव्हाच आपले शिपाईमामा घंटेकडे निघाले असावेत. आपण सगळे स्पष्ट आहोत, ते पुसट. मी बरेच दिवस तो डाग समजत होतो. मामांचा नीट फोटो कोणाकडे असेल, तर तो आधी आणा. शाळेच्या खिडक्या मी या वेळी नीट मोजल्या आहेत: तुकड्यात चारच दिसतात. उरलेल्या तीन कोणाच्या तरी फोटोत असतील.