चंद्रावरून आलेल्या मुंग्या

गच्चीवरचा अँटेना वाऱ्याने फिरला की दूरदर्शनच्या पडद्यावर 'मुंग्या' येत, हे चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल. मग एकाने वर जाऊन नळी फिरवायची आणि दुसऱ्याने खिडकीतून 'बास, बास!' असे ओरडायचे. या मुंग्या म्हणजे चित्रात मिसळलेला विद्युत-गोंगाट. तो नेहमीच असतो. संदेश क्षीण झाला की डोळ्यांना जाणवू लागतो. प्रक्षेपक सुमारे ३,८४,००० किलोमीटरवर, म्हणजे चंद्रावर असेल, तर नळी फिरवून कसे भागणार?

१९७२ साली अपोलो १६ चे अंतराळवीर यंग आणि ड्यूक चंद्रावर मोटार चालवत होते. मोटारीवर रंगीत कॅमेरा होता आणि छत्रीसारखा अँटेना पृथ्वीकडे रोखलेला होता. येणारे चित्र बरेच दाणेदार असे. जॉन लाउरी या कॅनेडियन तंत्रज्ञाने चित्रातला गोंगाट कमी करण्याची पद्धत तयार केली होती. या मोहिमेत आणि त्याच वर्षीच्या अपोलो १७ मध्ये, चंद्रावरची चित्रे त्यांच्या कॅलिफोर्नियातील 'इमेज ट्रान्सफॉर्म' कंपनीतून स्वच्छ होऊन मगच प्रेक्षकांपर्यंत गेली.

अशा पद्धतींच्या मुळाशी असलेली कल्पना आठवीच्या मुलालाही कळेल. चंद्रावरचा खडक जागचा हलत नाही. कॅमेरा स्थिर असेल तर त्यावरच्या एका ठिपक्याची तेजस्विता प्रत्येक चौकटीत सारखीच, समजा ५०, असायला हवी. गोंगाटामुळे लागोपाठच्या चार चौकटींत ती ५७, ४१, ४८, ५८ अशी येते. सरासरी काढा: ५१. खडक चारही वेळा तोच होता, गोंगाट मात्र दर वेळी वेगळा. तो परस्परांना बराचसा खोडून काढतो. मात्र हा फायदा वर्गमूळाच्या हिशेबाने मिळतो. ४ चौकटींनी गोंगाट निम्मा होतो, तो एक-दशांश करायचा तर १०० चौकटी लागतात.

खरी पंचाईत होते ती हलणाऱ्या वस्तूंची. चालत्या माणसाच्या १०० चौकटी मिसळल्या तर पडद्यावर माणसाऐवजी भूतच उमटेल! म्हणून कोणता भाग हलला हे आधी ताडून पाहावे लागते आणि तेथे मिसळणे आवरते घ्यावे लागते. हा निर्णय चुकला तर एकाच चौकटीत चमकून गेलेला धुळीचा कण गोंगाट समजून पुसला जातो. मी प्रयोगशाळेत अशा सरासऱ्या रोज काढतो, पण मूळ नोंदी कधी टाकून देत नाही.

मूळ नोंदींची ही गोष्ट अपोलो ११ च्या बाबतीत फार महागात पडली. १९६९ च्या त्या कॅमेऱ्याची चित्रे सेकंदाला १० आणि ३२० ओळींची होती. घरोघरचे अमेरिकन संच मात्र ३० चित्रे आणि ५२५ ओळींसाठी बनलेले. त्यामुळे भूस्थानकात एका पडद्यावर आलेल्या चित्राकडे दुसरा कॅमेरा रोखून रूपांतर केले गेले आणि प्रत्येक चित्र तीनदा दाखवले गेले. जगाने पाहिले ते हे दुय्यम चित्र.

आता वरचे गणित येथे लावून पाहा. तीन चौकटी मिळाल्या, पण चंद्रावरून येताना मिसळलेला गोंगाट तिन्हींत तोच! त्यांची सरासरी काढून तो तसूभरही कमी होणार नाही. रूपांतरात हरवलेल्या बारकाव्यांचेही तसेच. वर्गातल्या ३० मुलांनी लंबकाचा आवर्तकाल मोजला तर बटण दाबण्यातल्या चुका सरासरीत विरतात. पण सर्वांनी एकच मंद चालणारे घड्याळ वापरले असेल तर ती चूक जशीच्या तशी उरते.

२००९ साली, चांद्रविजयाला ४० वर्षे होताना, या चित्रफितीची दुरुस्ती ठरली आणि काम आले लाउरी यांनीच स्थापन केलेल्या कंपनीकडे. आता हाताशी संगणक होते. रूपांतरापूर्वीचा मूळ संदेश भूस्थानकांवर चुंबकीय फितींवर नोंदवलेला होता, तो मिळाला असता तर! नासाने बराच शोध घेतला. टेपांच्या टंचाईच्या काळात त्या फिती पुसून इतर कामांसाठी पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष निघाला. शेवटी सिडनीहून आलेली प्रत, सीबीएसच्या संग्रहातली प्रत आणि पडद्यावरून फिल्मवर उतरवलेली काही दृश्ये समोर ठेवून, कोणत्या क्षणासाठी कोणती कमी बिघडलेली आहे ते निवडत काम करावे लागले.