मधल्या भावाची गिटार

मराठी माणूस दुकानात शिरला की त्याला तीन भाव सांगावेत आणि गप्प बसावे. तो मधलाच घेणार. स्वस्तातले घेतले तर लोक काय म्हणतील आणि महागातले घेतले तर बायको काय म्हणेल, या दोन प्रश्नांच्या बरोबर मध्ये आमची सारी खरेदी उभी असते. छत्री, पंखा, चष्मा, सगळे मधल्या भावाचे. या भावाने मला आजवर दगा दिलेला नाही. पण आमच्या रोह्याच्या भाच्याने मधल्या भावाची इलेक्ट्रिक गिटार मागितली, आणि हा मधला भाव नक्की कशाच्या मध्ये असतो याचा विचार करणे भाग पडले.

भाव होता ४८ हजार. दोन वर्षांपूर्वी हीच गिटार ३८ हजारांना होती, असेही चिरंजीवांनीच सांगितले. तिथे त्यांचे चुकले. आमचे भावजी, म्हणजे त्यांचे तीर्थरूप, ताडकन म्हणाले, "दोन वर्षांत हिला दहा हजारांची काय शिंगं फुटली?" मग नेहमीप्रमाणे प्रकरण मामाकडे, म्हणजे पेणला, वर्ग झाले.

मला गिटार वाजवता येत नाही. पण ज्याने ती घरोघरी पोचवली त्या लिओ फेंडरलाही ती वाजवता येत नव्हती, तेव्हा मला मत द्यायला हरकत नसावी. हा गृहस्थ कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा. विजेवरची गिटार त्याच्या आधीच, १९३२ मध्ये बाजारात आली होती. ती इतकी तव्यासारखी दिसे की लोक तिला 'तवा'च म्हणत. फेंडरने १९५० मध्ये केले ते निराळेच. त्याने भरीव फळी घेतली, तिला गिटारची मान चार स्क्रूंनी बसवली आणि वाद्य सुताराच्या हातून काढून कारखान्यात नेले. मान बिघडली तर स्क्रू काढा, दुसरी लावा! हेच आमच्या मानांच्या बाबतीत जमले असते तर निम्मे दवाखाने बंद पडले असते.

१९५४ साली त्याची स्ट्रॅटोकास्टर निघाली. किंमत २४९.५० डॉलर. आता इथे रोह्याचा संबंध येतो. त्या साली भारताचे अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. जन्म महाडजवळच्या नात्याचा, पण बालपण रोह्यातले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि लोकसभेवर निवडून आले तेही आमच्याच कुलाबा जिल्ह्यातून. (कुलाब्याचा रायगड झाला तो १९८१ साली.) तर रोहेकर अर्थमंत्री असताना डॉलर होता ४ रुपये ७६ पैशांना. म्हणजे जगातली उत्तमातली उत्तम गिटार पडत होती ११८८ रुपयांना! अर्थात आयातीचा परवाना आणि जकात हे दोन राक्षस वाटेत उभे होते, म्हणून ती रोह्याच्या बाजारात दिसली नाही, एवढेच.

पुढे १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलर साडेसात रुपयांचा झाला. १९९१ मध्ये आणखी अवमूल्यन झाले. आता तो ८५ च्याही पुढे गेला आहे. म्हणजे गिटारने आपली किंमत एक सेंटही वाढवली नसती, तरी ते २४९.५० डॉलर आज २१ हजारांच्या वर जातात. उलट अमेरिकेत पाहावे तर १९५४ चा डॉलर आजच्या सुमारे १२ डॉलरांच्या तोडीचा. त्या हिशेबाने तिथली स्ट्रॅटोकास्टर तीन हजार डॉलरांना हवी. पण नेहमीच्या वापराची अमेरिकी बनावटीची आज दोन हजारांच्या आत मिळते. थोडक्यात, गिटार तिथे स्वस्त झाली आणि इथे महाग झाली. हे सगळे मी भावजींना कागदावर मांडून दाखवले. ते म्हणाले, "म्हंजे शिंगं गिटारीला नाही फुटली, रुपयाची शेपूट तुटली!" अर्थशास्त्र याहून सोपे करून सांगणे चिंतामणरावांनाही जमले नसते.

पण सगळेच पाप रुपयाच्या माथी मारून चालणार नाही. आपल्याकडची शिसव गिटारच्या मानेवरच्या पट्टीला फार मानाची. २०१७ च्या जानेवारीपासून शिसवीच्या साऱ्या जातकुळीवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले आणि एकेका गिटारीला कागदपत्रे लागू लागली. कारखानदार दुसऱ्या लाकडांकडे वळले. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. आता कागद गेला म्हणून चढलेला भाव खाली उतरला, असे मी तरी कुठल्याच मालाच्या बाबतीत पाहिलेले नाही. भाव माडावर चढणाऱ्या गड्यासारखा नसतो. तो मांजरासारखा असतो. चढता येते, उतरता येत नाही.

विजेच्या तारवाद्याचे आपल्याकडे कौतुक नवे आहे असे मात्र कुणी समजू नये. १९१२ साली देशमुख मॅट्रिकला पहिले येऊन जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवत होते, त्याच वर्षी जपानात नागोयाच्या गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारखी बटणे लावून तैशोगोतो नावाचे वाद्य तयार केले. ते हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झाले. आणि आमच्या आगरी-कोळी मंडळींनी त्याला वीज जोडून, कर्ण्यातून सोडून त्याचा बेंजो केला. खऱ्या अमेरिकन बँजोशी याचे नाते फक्त नावापुरते. पेण-रोह्याकडे हळदीला आणि गणपतीच्या मिरवणुकीला जो काळजाचा ठोका चुकवतो, तो हा बेंजो. २०१६ मध्ये त्याच्यावर हिंदी सिनेमाही निघाला. आतले तंत्र गिटारीचेच: चुंबकाभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, वर पोलादी तार थरथरली की खाली वीज थरथरते. आमचे चिरंजीव एका बेंजो पार्टीत वाजवतात. दोन हंगामांत त्यांनी चौदा हजार साठवले आहेत. म्हणजे मागणी निव्वळ हट्टाची नाही, घामाची आहे.

तेव्हा प्रश्न राहिला तो एवढाच, की मधल्या गिटारीत असे काय असते जे नऊ हजारांच्या गिटारीत नसते? आणि उत्तर मिळाले ते आमच्या पेणच्या गणपतीच्या कारखान्यात.

हमरापूरला जा, जोह्याला जा, नाहीतर पेणच्या एखाद्या आळीत शिरा. एकाच साच्यातून निघालेल्या, एकाच मापाच्या दोन मूर्ती शेजारी ठेवलेल्या असतात. माती तीच, गुजरातेतून आलेली शाडू. भाव मात्र निराळे. का? तर आखणी. डोळे आखणारा हात कुणाचा, यावर तो भाव ठरतो. शंभर माणसे माती दाबू शकतात. बाप्पाला नजर देणारी थोडी. त्याच्या वरचा तिसरा भाव असतो तो खड्यांचा, सोनेरी वर्खाचा आणि खऱ्या धोतराचा. तो हौसेचा. त्याने बाप्पा अधिक पावतो असे शास्त्रात कुठे नाही.

गिटारचेही तसेच आहे. स्वस्त आणि मधल्या गिटारीचे लाकूड यंत्रावरच कापतात, चुंबकाचे शास्त्र तेच. १९८२ मध्ये फेंडरने जपानात बनवलेल्या स्वस्त गिटारी स्क्वायर नावाने विकायला काढल्या. पुढे हे काम कोरियात, इंडोनेशियात, चीनमध्ये गेले, आणि संगणकाच्या यंत्रांनी कापणी इतकी नेटकी केली की फळीत फारसा फरक उरला नाही. फरक उरतो तो आखणीत. पडदे एका पातळीत घासलेले आहेत का? खुंट्या पिळल्या जागी राहतात का? मेरूच्या खाचा बेताच्या आहेत का? ही हातांची कामे, आणि मधल्या भावातले जास्तीचे पैसे जायला हवेत ते या हातांना. त्याच्या वरच्या भावात चकाकी, सही आणि नाव. म्हणजे वर्ख आणि धोतर.

म्हणून माझा निकाल असा. ४८ हजार द्यावेत, पण डोळे मिटून नव्हे. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून वाजवून पाहावी. एखादी कुठे खरखरली तर गिटार परत. रंग आवडला म्हणून दिलेले पैसे वर्खाचे, आणि सूर टिकतो म्हणून दिलेले आखणीचे. चौदा चिरंजीवांचे, चौदा मामाचे, उरलेले वीस तीर्थरूपांचे. भावजींनी मान हलवली. कोणत्या दिशेने, ते मी मुद्दामच पाहिले नाही.

कारण स्वस्त वाद्याचा खरा तोटा पैशांचा नसतोच. कोकणच्या पावसाळी हवेत मान जराशी वाकते, खुंटी सुटते, तार उतरते. आणि पोराला वाद्याची खोड कळत नाही. त्याला वाटते, आपलाच कान बेसूर. घरचेही म्हणतात, "तुला नाही रे येत, सोड." पेण-रोह्याच्या कितीतरी घरांत कपाटांवर, माळ्यांवर अशा गिटारी धूळ खात पडल्या आहेत. त्यांच्या पावत्यांची बेरीज कुणीही करील. पण त्या वाजवणाऱ्या मुलांनी आपल्याला गाणे येत नाही असे कायमचे ठरवून टाकले, त्याचा भाव कुठल्या दुकानात लावणार?