बुलढाण्याचे पुस्तक, पुण्याचे घर

सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला मूल झाले. लोकलज्जेपायी तिने ते मारले. १८८१ साली न्यायालयाने तिला प्रथम फाशी सुनावली. वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीस दोष दिला. पुरुषाचे नाव कोणी काढीना! ते १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून काढले आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ सालीच अशा विधवांच्या बाळंतपणासाठी घर उघडले होते. आम्ही संघटनेची माणसे आधी पत्रक काढतो, निवाऱ्याचे मागून पाहतो. येथे घर आधी झाले. ताराबाईंवर टीका झाली, तेव्हा ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली तीही जोतीरावांनीच. पुढे पुस्तक विस्मरणात गेले, स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा छापले. शेजारगावच्या बाईचे पुस्तक आपल्या हाती पडायला ९३ वर्षे लागली.