शाळेच्या मैदानाचा खर्च कोण उचलणार? बॉस्टनने काढलेला मार्ग काय होता?

सार्वजनिक-खासगी भागीदारी म्हटले की टोलचे रस्ते किंवा मुंबईची वर्सोवा-घाटकोपर मेट्रो आठवते. कंपनी पैसे गुंतवते आणि टोल किंवा तिकिटातून ते वसूल करते. शाळेच्या मैदानाला तिकीट लावता येत नाही. तरीही अमेरिकेतील बॉस्टन शहराने १९९५ ते २०१३ या काळात अशाच भागीदारीतून ८८ शाळांची आवारे सुधारली. हे कसे शक्य झाले?

उपक्रम का सुरू झाला?

१९९०च्या दशकात बॉस्टनमधील अनेक सरकारी शाळांच्या आवारात फक्त डांबर होते. ठिकठिकाणी भेगा आणि कचरा असे, काही ठिकाणी गाड्या उभ्या राहत. दाट वस्तीतील मुलांसाठी घराजवळची मोकळी जागा म्हणजे बऱ्याचदा हेच आवार. १९९५ मध्ये महापौर थॉमस मेनिनो यांच्या कारकीर्दीत ‘बॉस्टन स्कूलयार्ड इनिशिएटिव्ह’ सुरू झाला. शहर प्रशासन, सरकारी शाळांची यंत्रणा आणि खासगी देणगीदार संस्थांचा एक गट असे तिघे त्यात भागीदार होते.

कोणाचा पैसा कशावर खर्च झाला?

या प्रारूपाचे वेगळेपण इथेच आहे. डांबर उखडणे, खेळाची साधने बसवणे, झाडे लावणे ही बांधकामे प्रामुख्याने शहराच्या भांडवली निधीतून झाली. हा निधी साधारणतः कर्जरोख्यांतून उभा राहतो आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या कामांवरच खर्च करता येतो. पालक आणि रहिवाशांच्या बैठका घेणे, त्यांच्याकडून आराखडा करून घेणे, मैदानाचा अभ्यासासाठी वापर कसा करायचा याचे शिक्षकांना प्रशिक्षण देणे ही कामे त्या चौकटीत बसत नाहीत. अशा कामांना देणगीदारांच्या पैशांनी हातभार लावला.

म्हणजे खासगी रक्कम सरकारी खर्चाला पर्याय म्हणून आली नाही. सरकारी पैसा जिथे पोहोचत नव्हता, तिथे ती वापरली गेली.

देणगीदारांना काय मिळाले?

जमिनीची मालकी नाही की शुल्काचा हक्कही नाही. मात्र त्यांच्या तुलनेने छोट्या रकमेमागे शहराचा मोठा बांधकाम निधी उभा होता. देणग्या एकत्र केल्याचा आणखी एक फायदा होता. प्रत्येक शाळेने स्वतंत्रपणे देणगीदार शोधायचे ठरवले, तर सुस्थितीतील पालकांच्या शाळा पुढे जातात आणि गरीब वस्तीतील शाळा मागे राहतात. सामायिक निधीमुळे ही दरी कमी करता येते.

इतर शहरांनी काय केले?

शिकागोमध्ये २०१४ पासून ‘स्पेस टू ग्रो’ उपक्रम राबवला जातो. तिथे शाळांच्या यंत्रणेसोबत पाणीपुरवठा आणि सांडपाणी विभागांनीही खर्चाचा वाटा उचलला, तर कामाचे व्यवस्थापन दोन स्वयंसेवी संस्थांकडे आहे. सांडपाणी विभाग मैदानावर पैसे का खर्च करतो? कारण डांबराऐवजी पाणी मुरणारी जमीन असेल, तर मोठ्या पावसात गटारांवरचा ताण आणि तळघरांत पाणी शिरण्याचा धोका कमी होतो.

न्यूयॉर्कमध्ये ‘ट्रस्ट फॉर पब्लिक लँड’ या संस्थेने शहरासोबत २००हून अधिक मैदाने तयार केली. शाळा सुटल्यानंतर आणि सुट्टीच्या दिवशी ती परिसरातील लोकांसाठी खुली असतात.

अडचण कुठे येते?

देखभालीत. नव्या मैदानाच्या उद्घाटनासाठी देणगीदार मिळतो, पण रोजच्या झाडलोटीसाठी किंवा तुटलेला झोपाळा दुरुस्त करण्यासाठी तो मिळणे कठीण असते. अमेरिकेत जुलै-ऑगस्टमध्ये उन्हाळा असतो, झाडांना पाण्याची सर्वाधिक गरज असते आणि नेमक्या तेव्हाच शाळा बंद असतात. पाणी घालायचे कोणी, हे आधी ठरले नसेल तर बाग एका मोसमात सुकते.

बॉस्टनचा उपक्रम २०१३ मध्ये संपला. मैदाने सार्वजनिक मालकीचीच आहेत, त्यामुळे ती टिकवण्याचा भारही सार्वजनिक अंदाजपत्रकावरच येतो. म्हणूनच अशा भागीदारीचा करार वाचताना बांधकामाच्या रकमेइतकेच महत्त्वाचे असते ते देखभालीचे कलम: काम पूर्ण झाल्यावर दरवर्षीचा खर्च कोण आणि कोणत्या निधीतून करणार?